नाक्यावरचं इन्सुलिन

ओढ्यापलीकडच्या आमच्या मोहल्ल्यात मटणाची दुकानं हवी तेवढी आहेत, मोबाइल दुरुस्तीची आहेत, लग्नाचे शरारे भाड्याने देणारंही एक आहे. मेडिकल नाही. जे होतं ते मालकाने शहराच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्यांच्या रांगेत हलवलं. तिथे आता मेडिकलला लागून मेडिकल आहे. आमच्याकडे म्हणे धंदा होत नाही. अर्ध्या गल्लीला शुगर, उरलेल्यांना बीपी, आणि धंदा होत नाही!

अम्मीला इन्सुलिन लागतं. मी शिरोलीला फाउंड्रीत कामाला. कंपनीची गाडी संध्याकाळी नाक्यावर सोडते, तिथून दवाखान्यांकडे जायचं म्हणजे पुन्हा सगळं शहर ओलांडायचं. त्यामुळे तिथल्या एका मोठ्या मेडिकलवर ‘घरपोच सेवा’ अशी पाटी दिसली तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. फोन केला. मी पत्ता सांगेपर्यंत मालक अगदी गोड बोलत होते.

“तिकडं गल्लीत आमचा माणूस येत न्हाय, पावणं. ओढ्याच्या अलीकडं नाक्यावर देतो की.”

“का येत न्हाय?”

“एरिया तसला हाय.”

तसला म्हणजे कसला, ते काही सांगितलं नाही. याच एरियात ऑनलाइन मागवलेले बूट दारात येतात. कर्जवसुलीवाले तर जिना चढून वर येतात. औषधाचेच पाय तेवढे ओढ्याशी अडखळतात.

मग मोहल्ल्याने आपली सोय आपण लावली. नाक्यावर एका लिंगायत अण्णांचं कोल्ड्रिंक हाऊस आहे. औषधांसाठी आम्ही सगळे त्यांचाच पत्ता देतो. अण्णांनी एका शब्दाने कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. लस्सीच्या ग्लासांमागे आमच्या गोळ्यांच्या पिशव्या पडलेल्या असतात आणि जो तो येता-जाता आपली उचलतो. कॉकटेल आइस्क्रीम मिळणारं मेडिकल कोल्हापुरात हे एकच असावं.

गेल्या उन्हाळ्यात अम्मीची शुगर काही केल्या उतरेना. तिने भात सोडला, आंब्याकडे तर बघितलंही नाही. गल्लीच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर म्हणाले, पथ्य पाळत नसतील, डोस वाढवा. वाढवला. एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास भराभर चालू लागला, मी कोण तेही तिला कळेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, थेट आयसीयूत घेतलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आमची इन्सुलिनची बाटली घरून मागवली, उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, कुठे ठेवत होता? घरी फ्रीजमध्ये, मी म्हणालो. त्याआधी? मी अण्णांना फोन लावला.

“डीप फ्रीजरला ठेवतोय की,” अण्णा म्हणाले. “आइस्क्रीमच्या खाली. कंपनीची गाडी यायच्या आधी भाईर काढतोय. उन्हाळ्याची लाइट सारखी जातीया, म्हातारीचं औषध नासाय नको म्हणून मुद्दाम.”

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं, त्यात दम राहत नाही. मी घरी नेईपर्यंत ते वितळून पुन्हा पाण्यासारखं दिसायचं. अख्खा उन्हाळा मी अम्मीला पाणीच टोचत होतो.

“इन्सुलिन कुणी गोठवतं का?” मॅडम म्हणाल्या. “तुम्हा लोकांना सांगायचं तरी किती?”

तुम्हा लोकांना! बाई, आमच्या घरात फ्रीज आहे. त्या फ्रीजपर्यंत औषध येत नाही, त्याचं बोला. पण अम्मी आत होती, म्हणून मी फक्त नव्या औषधाची चिठ्ठी मागितली.

अण्णा दुकान बंद करून आले आणि आयसीयूच्या दाराशी रडले. त्यांच्यावर काय चिडणार? ज्याने औषध ठेवून घेतलं तो गुन्हेगार ठरला, आणि ज्याने पोचवलं नाही तो समोरच्या रांगेत एसीत बसला होता.

अम्मी बोलायला लागली तशी नवी बाटली आणायला मी त्याच मेडिकलमध्ये गेलो. मालकांना सगळं सांगितलं. आता तरी दारात द्याल का, विचारलं.

“लई वाईट झालं बघा,” ते म्हणाले. मनापासूनच म्हणाले. “पर एवढं पेशंट हाय म्हटल्यावर इकडंच खोली बघा की भाड्यानं. आमच्या वरतीच एक रिकामी हाय.”

ती मी हिवाळ्यातच पाहिली होती. पसंत पडली होती, चहासुद्धा आला होता. मग घरमालकांनी पूर्ण नाव विचारलं, आणि चहा संपायच्या आत ती खोली त्यांच्या भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली.

“बघितली की,” मी म्हणालो. “नाव सांगितलं, आणि भाचा आडवा आला.”

माझा आवाज चढला होता. काउंटरवरची दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मालकांनी बाटली बर्फाच्या पाकिटासोबत पिशवीत घातली, तोंड नीट बांधलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

“म्हंजे पत्ता नाक्यावरचाच ठिऊ न्हवं?”