जळक्या बांधावरचा शेवगा

आमच्या गडमुडशिंगीत ऊस तुटून गेला की रानातला पाला पेटवायचा, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. एक काडी ओढली की तासाभरात रान मोकळं. त्या वर्षी ती काडी मी ओढली. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, बजावून गेल्या होत्या, "आदी बांधाकडचा पाला वडून घे, मग पेटव." पण मला कुठला दम! "व्हय व्हय," म्हटलं आणि दिली लावून. वारं फिरलं आणि जाळ बांधावर चढला.

बांध म्हणजे आत्तींचा जीव. फणस, हादगा, कढीपत्ता, शेवगा, सगळं त्यांनी कळशी कळशी पाणी घालून जगवलेलं. अख्ख्या गावाचं रान कारखान्याला आणि भाजी मात्र बाजारातनं, अशी आमच्याकडची तऱ्हा. आमच्या घराला आठवड्यातनं चार दिवस तो बांधच जेवायला घालायचा. तरी मला ती झाडं डोळ्यांत खुपायची. सावलीनं ऊस वाढत नाही म्हणून मी कितीदा कुरकुरले होते. त्यामुळं मी मुद्दाम केलं, असंच त्यांना वाटलं. देवाशपथ, मुद्दाम नव्हतं. पण विझवायला मी फार धावलेही नाही, हे माझं मला ठाऊक.

आत्तींनी माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी पुढ्यात सरकवायच्या आणि तोंड फिरवायच्या. फणस तर गेलाच. शेवग्याच्या काळ्या बुंध्याला मात्र त्या रोज शेणमाती लिंपायच्या. मी मागनं घागर घेऊन जायची, पाणी घालायची, तरी एक शब्द नाही. शेवगा तेवढा फुटू दे, एवढंच मी जोतिबाला मागत होते.

उन्हाळा सरता सरता बुंध्याला कोंब आले, आणि बघता बघता झाड पाल्यानं भरलं. मग पंचगंगेला पूर आला, रस्ते बंद झाले. बाजारात भाजीची काडी मिळेना. गल्लीतल्या बायका बुट्ट्या घेऊन आमच्या दारात.

"मावशी, शेवग्याचा पाला मिळंल का वं?"

आत्ती आत गेल्या, विळा घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला.

"आत्ती, किती तोडू?"

"पेटवताना इचारलंतंस व्हय मला?" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

पाच महिन्यांनी बोलल्या माझ्याशी. सगळ्या बायकांसमोर मला रडूच फुटलं.