साडूची तुकड्यांची झोप

सकाळपासून धुकं असं उतरलं होतं, की रस्त्यापलीकडच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा नुसता बल्ब दिसत होता, दुकान नव्हतंच. अशा हवेत प्लास्टर छळतं. घट्ट होतं वेळेवर, पण सुकायचं नाव घेत नाही. हात लावावा तर गार, ओलसर, बेडकाच्या पाठीसारखं. कवळीवाल्यानं काल ओतलेले पाच साचे खिडकीतून उचलले आणि दिव्याखाली ओळीनं मांडले. पाच माणसांचे पाच जबडे, सगळे आ वासून त्याच्याकडे बघत होते.

त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन याच्याकडे पाठवत. हा त्यात प्लास्टर ओतून साचा काढी आणि साच्यावर कवळी बसवी. बावीस वर्षं हाच उद्योग. आता साचा हातात घेतला की माणूस कुठल्या बाजूनं चावतो, टाचण्या दातात धरायची सवय आहे का, हट्टी आहे की सोशीक, हे तो बसल्या जागी सांगायचा. त्यातलं निम्मं खरं निघायचं आणि उरलेलं निम्मं तो विसरून जायचा.

पण त्या दिवशी त्याचा जीव साच्यांत नव्हता. भिंतीवर त्यानं एक तक्ता लावला होता. दिवसाचे चोवीस चौकोन, झोपेचे निळे, जागेपणाचे केशरी. रात्री साडेतीन तास एकसलग निळं आणि मग दिवसभरात वीस-वीस मिनिटांचे तीन निळे ठिपके. बाकी सगळं केशरीच केशरी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सोमवारपासून’. आज गुरुवार होता.

हे खूळ त्याचं स्वतःचं नव्हतं, साडूचं होतं.

साडू म्हणजे थोरल्या मेव्हणीचा नवरा. इमारतींचे आराखडे काढायचा. माणूस नीटनेटका, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, तिन्हींना टोक. तो झोपायचा साडेतीन तास आणि वर तीन डुलक्या काढायचा. उरलेल्या वेळात काय करायचा विचारू नका. परकी भाषा शिकला, गच्चीत बावीस कुंड्या लावल्या, घरातली सगळी कपाटं स्वतः बनवली. असा माणूस कुणाच्याही घरात असू नये, आणि बायकोच्या बहिणीच्या घरात तर नाहीच नाही.

“भाऊजींनी व्हरांड्याला रंगसुद्धा दिला,” बायको सांगायची.

“मग? आपला काय उडालाय का?”

“उडाला नाही हो. पापुद्रे धरून लोंबतोय.”

बायकोचे टोमणे त्याला पचत. लेकीचं मात्र जिव्हारी लागे. लेक सतरा वर्षांची होती, आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेला दोन महिने उरले होते आणि संध्याकाळी ती मावशीकडे काकांपाशी शिकायला जायची. परत आली की तोंडात काका. काका म्हणाले सावली आधी बघायची, रेघ नंतर. काका म्हणाले खोडरबर लपवून ठेव. एकदा कवळीवाल्यानं मोठ्या हौसेनं तिचं भूमितीचं पुस्तक उघडलं, म्हणाला, “ये बयो, आज मी शिकवतो,” आणि तिसऱ्या ओळीवर त्याची मान पडली. लेकीनं पुस्तक हळूच काढून घेतलं. हळूच काढलं, हेच त्याला लागलं. ओढून घेतलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

एकदा सगळे साडूच्या घरी जेवायला गेले तेव्हा साडूनं आपला तक्ता सगळ्यांना समजावून सांगितला. कवळीवाला तेव्हाही ताटावरच झोपला होता, त्यामुळे त्याला हे सगळं दुसऱ्या दिवशी बायकोकडून कळलं. कळल्यावर त्यानं हिशेब मांडला. दिवसाला चार तास शिल्लक! पहाटे तीन ते पाच लेकीचं पुस्तक आपण शिकायचं आणि तेच संध्याकाळी तिला शिकवायचं. साडूला कळणारही नाही की विद्यार्थिनी केव्हा हातची गेली.

तयारी त्यानं जय्यत केली. चहा दोन कपांवर आणला. झोपायला अंधार हवा म्हणून घरातल्या कोपऱ्यातल्या खिडकीवर काळं कापड ठोकलं आणि तिथं आपली खाट टाकली. दुपारच्या डुलकीचा सराव मात्र दुकानात, स्टुलाला स्टूल जोडून. कवळ्या पक्क्या व्हायला भांड्यात पाण्यात शिजत ठेवल्या की तेवढ्यात वीस मिनिटं पडायचं, असा त्याचा बेत. पहिल्याच दिवशी वीस मिनिटांचा दीड तास झाला, पाणी भलतंच उकळलं आणि एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कवळीत बुडबुडे आले. कवळी अगदी जाळीदार झाली. ती त्यानं मुकाट्यानं दुसरी केली आणि तक्त्यावर ‘सराव चालू’ असं लिहिलं.

आणि परवा लेकीनं बॉम्ब टाकला. परीक्षा होईपर्यंत ती मावशीकडेच राहायला जाणार म्हणे. रविवारी निघायचं. “बाबा हो म्हणाले तर,” असं ती म्हणाली, पण बॅग अर्धी भरलेली त्यानं बघितली होती. आज संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं. सोमवारपर्यंत थांब, एवढंच त्याला सांगायचं होतं, आणि ते कसं सांगावं हे सुचत नव्हतं.

दहाच्या सुमाराला डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून नवीन मापं आली. तीन होती. तिसऱ्या पाकिटावर साडूचं नाव. काम लिहिलं होतं, रात्री दातांवर घालायची पारदर्शक पट्टी.

आधी तर त्याला वाटलं, आता दातांतही पहिला नंबर लागला की काय याचा. त्यानं प्लास्टर कालवलं, ओतलं, तासाभरानं साचा सोडवला आणि दिव्याखाली धरला. आणि बघतच राहिला.

साडूच्या तोंडात साठीच्या पुढच्या माणसाचे दात होते. सुळ्यांना टोकं नव्हती. दाढांवर जे उंचवटे असतात ते झिजून झिजून पायरीच्या दगडासारखे गुळगुळीत झालेले. एका दाढेची कड तडकलेली. असे दात एका रात्रीत होत नाहीत. माणूस वर्षानुवर्षं रात्रभर दातावर दात दाबून पडलेला असतो, तेव्हा कुठे होतात. आणि गाढ झोपेत असा दाब कुणी देत नाही, असं कवळीवाल्याचं बावीस वर्षांचं मत होतं.

त्याला आनंद झाला. खोटं कशाला बोला, चांगला उकळी फुटल्यासारखा झाला. साचा हातात नाचवत तो दुकानात दोन फेऱ्या मारून आला. म्हणजे हा झोपतच नाही! कसला तक्ता नि कसल्या डुलक्या!

दुपारी एकच्या आत साडू स्वतःच दारात हजर. मफलर, तीन पेन्सिली, डोळ्यांखाली काळं.

“माप आलं का हो?”

“आलं की. बसा.”

“बसत नाही. डॉक्टरीणबाईंनी आत्ता सांगितलं, काम तुमच्याकडे पाठवलं म्हणून. तुम्ही बघितलंत?”

“बघितलं काय, वाचून झालं.”

साडू बसलाच. त्याची नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली. त्यानं तो वरपासून खालपर्यंत तपासला. मग म्हणाला, “ती तिसरी रेघ जरा वाकडी गेलीय.”

“असू दे. किती दिवस चाललंय तुमचं?”

“तीन वर्षं होतील. आधी दोनला जाग यायची, मग एकला. मग अंथरूण दिसलं तरी छातीत धडधडायला लागलं. एकदा कुठंतरी वाचलं, की काही लोक मुद्दामच अशी तुकड्यांनी झोप घेतात. म्हटलं, चला, आपल्या दुखण्याला बरं नाव मिळालं. तक्ता केला, रंगवला. तुमच्या मेव्हणीनं कौतुक केलं, शेजाऱ्यांनी केलं. आता कुठल्या तोंडानं सांगू?”

“आणि दिवसा वीस-वीस मिनिटं पडता ते?”

“डोळे मिटून छताच्या फळ्या मोजतो. एकेचाळीस आहेत.”

कवळीवाल्यानं हातातला साचा टेबलावर ठेवला. साडू पुढे म्हणाला, “त्या दिवशी मी तक्ता समजावत होतो आणि तुम्ही ताटात हात तसाच ठेवून झोपलात. चक्क घोरत होता. इतका राग आला मला तुमचा! वाटलं, हलवून उठवावं. लोकांना पैसा बघून पोटात दुखतं, मला तुमचं घोरणं बघून दुखलं.”

“मग उठवायचं होतं.”

“तुमची लेक म्हणाली, झोपू द्या त्यांना.” साडू उठला. मफलर दोनदा गुंडाळला. “एक करा. घरी सांगू नका. तुमच्या बायकोला कळलं तरी एक वेळ चालेल, पण लेकीला नको. ती मला फार मोठा माणूस समजते.”

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं. तोवर कवळीवाल्याचं मन थोडं पाघळलं होतं, ते पुन्हा टणक झालं. मोठा माणूस! माझ्या पोरीनं याला मोठं समजायचं, आणि याची झाकपाक मी करायची! साडू धुक्यात दिसेनासा झाला तरी तो दाराकडे बघून पुटपुटत होता.

लेक डबा घेऊन आली तेव्हा साचा टेबलावर तसाच होता. साच्याच्या मागं पेन्सिलनं नाव लिहिलेलं असतं, ती बाजू तेवढी भिंतीकडे होती. केसांवरचे धुक्याचे थेंब झटकत तिनं डबा ठेवला आणि सवयीनं साचा न्याहाळला. दुकानातच वाढलेली पोर, तिला शिकवावं लागत नव्हतं.

“अगं बाई, हे कोण? केवढे झिजवलेत!”

“आहे एक गिऱ्हाईक.”

“आजोबा आहेत?”

“नाही. माझ्याच वयाचे.”

“मग झोप लागत नसेल बिचाऱ्यांना.” ती वाकून बघू लागली. “बाबा, एकटेच जागे राहत असतील का हो?”

साचा फिरवायला एक बोट पुरलं असतं. नाव तिच्या डोळ्यांसमोर आलं असतं आणि काकांचा फुगा तिथल्या तिथं फुटला असता. कवळीवाल्यानं बोट पुढंही केलं. पण लेकीचा चेहरा बघितला आणि त्याला धडकीच भरली. कोण कुठला अनोळखी जबडा, त्याच्यासाठी हिचे डोळे एवढे भरून येतायत. तो काकांचा आहे असं कळलं, तर ही रविवारची वाट बघायची नाही, आजच बॅग उचलेल. हुशार काकाशी एक वेळ टक्कर देता येईल. दुःखी काकापुढे आपला काय टिकाव लागणार? त्यानं साचा उचलला आणि वरच्या फळीवर, कवळ्यांच्या डब्यामागं ठेवून दिला. साडूनं सांगितलं होतं तसंच झालं, पण कशामुळे झालं हे त्याचं त्याला ठाऊक.

“बाबा, मग मी जाऊ ना रविवारी?”

“काय आहे गं तिथं एवढं?” डबा उघडून जेवायला बसता बसता त्याचा आवाज नको तेवढा चढला.

“टेबल आहे. उजेड आहे.”

“आणि आपल्याकडे काय काळोख आहे?”

“आहेच की!” लेकही चढली. “खिडकीला काळं कापड तुम्हीच ठोकलंत. टेबल होतं तिथं खाट टाकलीत. बारा दिवस झाले, मी स्वयंपाकाच्या ओट्यावर ड्रॉइंग करतेय. काल आईनं कागदावरच पातेलं ठेवलं, मी काढलेल्या अख्ख्या जिन्याला गोल डाग पडला.”

कवळीवाल्याच्या हातातला घास हातातच राहिला. “मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलू? तुम्ही एवढ्या हौसेनं करत होता. आई म्हणाली, करू दे त्यांना, आठ दिवसांत घोरायला लागतील. पण तुम्ही तर पहाटे चारला उठून माझंच पुस्तक घेऊन बसायला लागलात. मला उजळणी करायला पुस्तकसुद्धा मिळेना.”

“तुझ्यासाठीच घेत होतो ना.”

“माझ्यासाठी?”

“तुला शिकवायला. काकांसारखं.”

लेक हसली नाही. हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती स्टूल ओढून त्याच्या समोर बसली. “तुम्ही कशाला शिकवताय? काका शिकवतात की. फार छान शिकवतात.”

गेलं ते वाक्य सरळ आत. कवळीवाल्यानं ते चावलं, गिळलं.

“आज संध्याकाळी कापड काढतो,” तो म्हणाला. “टेबल जागच्या जागी ठेवतो. मग राहायला जायची गरज आहे का?”

“मग कशाला जाऊ? मावशीच्या घरात दिवसभर शिस्त! पेला ठेवायलासुद्धा जागा आखून दिलीय.” ती उठली. “पण संध्याकाळी शिकायला जाईन हं. ते सोडणार नाही.”

“रोज?”

“रोज.”

“आठला परत.”

“साडेआठ.”

“बरं, साडेआठ. काकांनाही विश्रांती हवी.”

“त्यांना कसली विश्रांती? ते कधी थकतच नाहीत,” लेक अभिमानानं म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन निघाली.

कवळीवाला दात-ओठ खात बसून राहिला. पोरगी घरात राहिली होती. पण काकांची बाजू एका रेघेनंही कमी झाली नव्हती आणि ती कमी करायचं हत्यार फळीवर कवळ्यांच्या डब्यामागं पडलं होतं. पुढचे दोन महिने ते तिथंच पडू द्यायचं होतं. कदाचित पुढंही.

दात आणखी झिजू नयेत म्हणून घालायची साडूची ती पट्टी त्यानं करायला घेतली. मुद्दाम चांगली केली. कड तर अशी गुळगुळीत केली, की जिभेला कळू नये. साडूला रात्री फळ्या मोजताना निदान एवढं तरी आठवावं, की हे काम त्याला स्वतःला सात जन्मांत जमलं नसतं.

पट्टी पाण्यात टाकली तेव्हा मोरीत पाणी तुंबलेलं दिसलं. हात धुतल्याचं प्लास्टर मोरीखालच्या बादलीत साठतं आणि गुरुवारी ती काढावी लागते, नाहीतर नळी बसते. त्यानं बाह्या वर केल्या, खाली वाकला आणि बादली ओढली. तळाशी पांढरा गाळ घट्ट बसला होता. मग खुरपं घेऊन तो एका कडेनं खरवडायला लागला.