शेवटच्या खुराशी

अण्णा गेला तो दिवस रविवार होता. आम्ही दोघे भाऊ गुंजीच्या वरच्या डोंगरात भेकराच्या मागावर होतो.

बार माझा होता. मी बेळगावात शाळामास्तर. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो की अण्णाची ठासणीची बंदूक एकदा तरी हातात घ्यायचो. लढाई सुरू होण्याआधीची ती दिवाळी. सकाळी माझा बार भेकराच्या पोटात बसला आणि ते कारवीत शिरलं. जखमी जनावर डोंगरात सोडून घरी जेवायला बसायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. माग काढणं मला येत नव्हतं, म्हणून अण्णा पुढे झाला.

कातळावर खूर उमटत नाही. तिथे एकाने शेवटच्या खुराशी बसून राहायचं आणि दुसऱ्याने पुढे फिरून रक्त किंवा पुढचा खूर शोधायचा. सापडला की शीळ घालायची. मगच बसलेल्याने उठायचं. तो आधीच उठला तर पुढच्याला परत यायला खूण उरत नाही.

"बस हितं," अण्णा म्हणाला. "शीळ आल्याबिगर हलायचं न्हाय."

"आणि नाहीच आली तर?"

"येतीया की. पुस्तक आणलंयस न्हवं? वाच, मास्तर. न्हायतर भेकराची हजेरी घे, बघ 'हजर' म्हणतंय काय."

हसतच तो कड्याच्या अंगाला गेला.

पुस्तक खरंच आणलं होतं. पाच-सहा पानं झाली असतील, तेव्हा खाली दगड घरंगळले. भेकर उठलं असेल, असं वाटलं. मग बराच वेळ काहीच नाही. एक हाक आल्यासारखी वाटली, एकच. मागावर असताना कुणी हाक मारत नाही. तेव्हा ती अण्णाची नसणार, एखाद्या गुराख्याची असेल, असं मी ठरवलं आणि पान उलटलं. दुपारची गाडी घाट चढून गेली. कातळावरचं ऊन उतरलं. तेव्हा उठलो.

कड्याची कड ढासळली होती. तो दोन पुरुष खोल, खाली पडला होता. मांडीचं हाड बाहेर आलं होतं. रक्त थांबवायला त्याने डोईचं मुंडासं सोडून मांडीला गुंडाळलं होतं, पण डावा हात खांद्यातून निखळला होता आणि गाठ मारायला एक हात कमी पडला होता. पडल्या जागेपासून दहा-बारा हात तो माझ्या दिशेने सरपटत आला होता. अंग अजून कोमट होतं.

भेकर सापडलं नाही. नंतर कुणी शोधलंही नाही.

वहिनी आता बेळगावला माझ्याकडेच राहते. अण्णा पडल्या पडल्याच गेला, असं मी तिला त्या संध्याकाळी सांगितलं. ती अजून तेच खरं मानते.