मंजुळाकाकी, खाडी आणि आमचा नियम

मंजुळाकाकींनी पहिल्याच मीटिंगमध्ये आम्हा सगळ्यांना 'नालायक' म्हटलं होतं.

आज सकाळी त्या गेल्या. दोन महिने आजारीच होत्या. घरीच गेल्या, सगळी माणसं जवळ असताना.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी लिहितेय.

भिवंडीला लोक गोडाऊन आणि पॉवरलूमसाठी ओळखतात. पण रविवारी आमच्या खाडीवर ठाण्याहून, कल्याणहून माणसं येतात. बोटीत बसतात, पक्षी बघतात, मासे खाऊन जातात.

कामतघरचे आमचे लूम बंद पडले, तेव्हा मी आणि नवऱ्याने खाडीत दोन बोटी टाकल्या.

काकींची खानावळ आमच्या कितीतरी आधीपासूनची. अगदी पाण्याला लागून, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, सावलीत. चिंबोऱ्या, निवट्या माशांचं कालवण, तांदळाची भाकरी. रविवारी बाहेर रांग.

मग महापालिकेची नोटीस लागली. किनाऱ्याचं सुशोभीकरण होणार. सगळ्या टपऱ्या, खानावळी, बोटी हटणार. पूर्ण किनारा एकाच ठेकेदाराला टेंडरने.

आम्ही सगळे देवळासमोर जमलो. मोर्चा काढू, रस्ता अडवू, नुसता आरडाओरडा.

काकी उठल्या.

"नालायक हाव आपण सगळी. आधी त्या खाडीकडं बघा. तळलेलं तेल कोन वततं? पत्रावळी कोन टाकतं? साहेब फोटो दाखवतील, तवा काय बोलाल?"

मग कबाबवाले सलीमभाई चिडले. "काकी, हम धंदा बचाने आये हैं, झाडू मारने नहीं."

"झाडू मारल्याबिगर धंदा वाचनार न्हाय, सलीम."

सोमवारी गर्दी नसते. त्या सोमवारी काकी गुडघाभर चिखलात उतरल्या. एकट्याच. लुगडं खोचून प्लास्टिक ओढत होत्या.

पुढच्या सोमवारी आम्ही चार-पाच जणी उतरलो.

त्याच्या पुढच्या सोमवारी सलीमभाई टेम्पोतून रिकामे ड्रम घेऊन आले. "तेल इसमें डालो सब लोग," एवढंच म्हणाले. काकींकडे बघितलंसुद्धा नाही. काकींनी त्यांना चहा दिला. त्यांनी तो प्यायला.

अशी आमची संघटना झाली, काकी अध्यक्ष.

एकदा इथले एक पुढारी काकींकडे जेवायला आले. मी शेजारच्या बाकावरच होते.

"काकी, तुमचं मी बघतो. नवीन फूड प्लाझात मोठा गाळा तुमच्या नावावर. तुम्ही फक्त जरा गप्प राहा."

काकींनी त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

"पोटभर जेवा, दादा. पन माझं एकटीचं नका बघू. नियम बघा."

ते हसले. काकी हसल्या नाहीत.

शेवटी सुनावणी लागली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही काकींनाच पुढे केलं. काकी बोलल्या. चिठ्ठी नाही, काही नाही.

"साहेब, नियम करू नका असं आमचं म्हननं न्हाय. कडक करा. घान केली तर दंड लावा. लाइफ जॅकेट न्हाय तर बोट बंद करा. पन लायसन्स त्यालाच द्या जो इथं राबतो. एकाला सगळा किनारा देऊन आमाला त्याच्याकडं नोकर नका करू."

साहेबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिवरांना लागून असलेली बांधकामं मात्र काढावीच लागतील. हे तुम्हाला मान्य आहे?"

सगळे काकींकडे वळले.

तिवरांना लागून एकच खानावळ होती. काकींची.

"मान्य," काकी म्हणाल्या.

मी त्यांचा पदर ओढला. "काकी, अहो, ते तुमचंच आहे!"

"मंग काय, माझं सोडून नियम करा, असं सांगू?"

काही महिने गेले. टेंडर रद्द झालं. ज्याचा धंदा त्याच्याच नावावर लायसन्स, असा नियम झाला. पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद, हेही त्यात आलं. आमच्या बोटी राहिल्या. सलीमभाईंची कबाबची गाडी राहिली.

काकींनी कुणी हटवायला यायची वाट बघितली नाही. स्वतःच पत्रे उतरवले. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी धंदा बंद ठेवला आणि त्यांचं सामान उचललं. चुलीच्या दगडांना सलीमभाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. ते त्यांनीच नेले.

नवी जागा पार्किंगच्या मागे मिळाली. तिथून खाडी दिसत नाही. गिऱ्हाईक कमी झालं, हे खरं आहे. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही.

एकदा विचारलं, "काकी, वाईट वाटतं?"

"वाटतं गो. रोज वाटतं."

कांदा चिरत होत्या. पुढचा कांदा घेत म्हणाल्या, "पन तुझी बोट पान्यात दिसली का बरं बी वाटतं. दोन्ही वाटतं. काय करनार?"

गेल्या आठवड्यात भेटायला गेले तर आवाज अगदी बारीक झाला होता. तब्येतीचं विचारलं तर हातानेच 'राहू दे' केलं.

"पावसाल्यात बोटी बंद, त्याचं काय झालं? त्या चार महिन्यांत पोरांनी खायाचं काय, इचारलंस का साहेबांना?"

नाही विचारलं, म्हटलं.

"मंग इचार."

आज दुपारी स्मशानातून परत येताना सगळे एकत्र चालत होतो. अध्यक्ष कोण, पुढे काय, कुणीच विषय काढला नाही. सलीमभाई एवढंच म्हणाले, "सोमवार को साहब का टाइम मिला है. कौन बोलेगा?"

मी म्हटलं, "मी बोलेन."

पावसाळ्यात बोट बंद ठेवायला आमची ना नाही, माणसाचा जीव मोठा. पण त्या महिन्यांत राबणाऱ्याच्या हाताला दुसरं काम द्या, हे मागणार. नाही म्हणाले तर पुन्हा जाणार.

काकी, तुम्ही आता निवांत पडा.

खाडीवरच्या आम्हा सगळ्यांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.