सत्तार मिस्त्रीचा उजवा पाय

भिवंडीजवळ टेमघरला सत्तार मिस्त्रीचं गॅरेज विचारलं तर लोक पत्ता नंतर सांगतात, आधी त्याच्या उजव्या पायाची गोष्ट सांगतात. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर बसवायचा झाला की सत्तार चप्पल काढून सीटवर बसणार, तळवा पेडलवर ठेवणार आणि डोळे मिटणार. त्याच्या उस्तादाची शिकवणच तशी होती: हात खोटं बोलेल, कान फसेल, तळवा नाही फसायचा. गिऱ्हाईक बाहेर उभं राहून खाकरो नाहीतर चरफडो, हा बाबा आपला आत समाधी लावून बसलेला. मग उतरायचा, एखादा नट जरासा सैल करायचा, आणि गाडी सुतासारखी सरळ चालायची.

तोच तळवा गेल्या पावसाळ्यापासून मुका झाला होता. साखरेचा आजार जुना. गोळ्या चालू आणि चहातली साखरही चालू, असला सगळा कारभार. आधी मुंग्या आल्या, मग जळजळ, आणि मग काहीच नाही. चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळेना. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, माजिदाला, तर मुळीच नाही. तिला कळलं असतं तर तिनं त्याच संध्याकाळी गॅरेज बंद करायला लावलं असतं. आणि मग सत्तारनं करायचं काय? ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचे? त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर दुसरं काही आवडतही नव्हतं. नवल एवढंच, की त्याला याची भीतीही वाटत नव्हती. सकाळी यायचं, पाना उचलायचा, संध्याकाळी ठेवायचा. मनही पायाच्याच वाटेनं निघालं होतं.

अशात काल्हेरच्या आक्कांची फियाट आली.

आक्कांच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत. दारात दोन नव्याकोऱ्या गाड्या आहेत, पण त्यांतल्या एकीलाही आक्का हात लावत नाहीत. नवरा काळूराम यानं त्यांना गाडी शिकवली ती याच फियाटवर, भाताच्या मोकळ्या खाचरात, साऱ्या गावाच्या नाकावर टिच्चून. काळूराम गेला, पुढं फियाटचं इंजिनही बसलं, पण आक्कांनी गाडी भंगारात घालू दिली नाही. सत्तारनं मोडीत निघालेल्या एका व्हॅनचं इंजिन तिच्यात बसवलं, आणि ते काम झकास झालं. घोडं अडलं ते अ‍ॅक्सिलरेटरवर. जुन्या इंजिनाला पेडलपासून लोखंडी सळ्या जायच्या, नव्याला केबल लागते. मग सत्तारनं पत्रा कापून ओळीनं भोकं पाडलेली एक दांडी केली: एका टोकाला जुनी सळी, दुसऱ्या टोकाला नवी केबल, आणि पाय काढला की सगळं मागं यावं म्हणून एक स्प्रिंग. स्प्रिंग अर्थातच लूमची, म्हणजे यंत्रमागाची. भिवंडीत लूमच्या भंगारातून काय मिळत नाही? इथं पंख्यापासून पाळण्यापर्यंत सगळ्याला लूमचंच काहीतरी लागलेलं असतं.

नेहमीसारखा तो चप्पल काढून बसला, तळवा ठेवला, डोळे मिटले. पेडल त्याला ढिलं वाटलं. म्हणून त्यानं जाड स्प्रिंग लावली. तरी ढिलंच. मग त्याहून जाड लावली, आणि केबल दांडीच्या शेवटच्या भोकात नेली, म्हणजे थोड्या दाबात जास्त ओढेल. ढिलं पेडल नव्हतंच, पण ते सांगायचं कुणी?

आक्का गाडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी परत आल्या. पुढचा दिवा फुटलेला, बंपर आत गेलेला.

"सत्तारभाय, पेडल दाबताना मांडी भरून येतं," त्या म्हणाल्या. "आन् दबलं का गाडी उडीच मारतं. गोदामाच्या गेटात ट्रकला जाऊन लागली. पुढं हमाल हुबा व्हता. थोडक्यात वाचला."

सत्तारनं मान हलवली. आपल्या हातून माणूस मरता मरता राहिला, हे त्याला समजलं, पण कुठंच लागलं नाही. ते न लागणं त्याला फार विचित्र वाटलं. तो चप्पल काढून पुन्हा पेडलवर पाय ठेवून बसला. उतरून दांडी खोलली, दाराशी बसून पत्रा जरा छाटला, परत बसला, परत उतरला.

"बघ आता, आक्का."

आक्का आत बसल्या. पेडलकडं वाकून त्यांनी बोट फिरवलं आणि ते उजेडात धरलं. बोट लाल झालं होतं.

"तुजा पाय दाव."

छाटलेल्या पत्र्याची एक कपची सत्तारच्या तळव्यात घुसली होती. दारापासून गाडीपर्यंत फरशीवर रक्ताची पावलं उमटली होती, सगळी एकाच पायाची. तो त्या पावलांकडं दुसऱ्याच कुणाची असावीत तसा बघत राहिला.

"दुकत न्हाय?"

"न्हाय."

आक्का म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं पन असंच झालेलं. आदी नख गेलं, मंग आंगठा, मंग पाय. मानूस बोलला न्हाय, म्हून आमाला कललं न्हाय." त्यांनी पदरानं बोट पुसलं. "माजिदाला ठाव हाय?"

सत्तारला लाज वाटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं ते हे. त्यानं कपची उपटून पायाला फडकं गुंडाळलं आणि बॉनेटखाली डोकं घातलं.

"आता तूच दाबून सांग. मी सांगतो ते करत जा."

मग आक्का दाबत गेल्या आणि तो विचारत गेला. जड आहे का? कुठं अडतं? पाय काढल्यावर लगेच मागं येतं का? त्यानं जाड स्प्रिंग काढून पहिली पातळ लावली, केबल मधल्या भोकात आणली. शेवटी आक्का म्हणाल्या, "आता बराबर हाय." उभ्या आयुष्यात सत्तारनं दुसऱ्याच्या पायावर विश्वास ठेवून गाडी सोडली नव्हती. त्या दिवशी सोडली. आक्कांनी चौकापर्यंत एक चक्कर मारली, खिडकीतून हात केला आणि त्या काल्हेरच्या रस्त्याला लागल्या. गाडी छान चालली होती.

घरी माजिदानं फडकं बघितलं आणि काही न विचारता गरम पाणी आणलं. पत्र्यानं कापलंय, विशेष काही नाही, असं तो म्हणाला. तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला. सत्तारनं तोंड भिंतीकडं फिरवलं. औषध झोंबतं हे त्याला ठाऊक होतं, तेव्हा वेळेवर तोंड वाकडं करायला हवं होतं. तो तयारीत बसून राहिला.

"लाव ना लवकर," तो म्हणाला.

त्यानं मान वळवली. औषध लावून, पट्टी बांधून, गाठ मारून झाली होती. पट्टीवरून तिनं अंगठा दाबून धरला होता, चांगला जोरात, आणि ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती.

"कधीपास्न?" तिनं विचारलं.

"पावसाळ्यापास्न."

तिनं पाय हळूच खाली ठेवला. उठून खिळ्यावरची गॅरेजची किल्ली काढली आणि ओढणीच्या टोकाला बांधली. सत्तारनं ते सगळं नीट बघितलं. आता आपल्याला रडू येईल, असं वाटून तो बराच वेळ तसाच बसून राहिला.