डवरा यायचा आहे अजून

ऑफिसची बस शोळिंगनल्लूरच्या सिग्नलला उभी होती तेव्हा मामींचा फोन आला. "ते पहाटे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मराठीत. मी तिथेच उतरलो, रस्ता ओलांडून शहराकडे जाणारी बस धरली, आणि नुंगंबाक्कमला आमच्या इमारतीपाशी पोचेपर्यंत दोनच गोष्टी मनात आळीपाळीने येत राहिल्या. व्यासराव सर गेले. आणि ते गेल्याचं मामींनी मला मराठीत सांगितलं. मामी, म्हणजे सरांच्या पत्नी, तमिळ. सर तंजावरकडच्या मराठी घरातले, पण लग्न झाल्यापासून दोघांचं बोलणं तमिळमध्येच. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मामींना मराठीत एक वाक्य करता येत नव्हतं. त्या तीन शब्दांमागे काय होतं ते सांगितल्याशिवाय सरांविषयी लिहिणं मला जमणार नाही.

मी एका कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. ज्याची खात्री नाही ते लिहायचं नाही, ही सवय तिथली. सर एका कॉलेजात भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते एवढं मला पक्कं ठाऊक आहे. त्यांची विद्वत्ता केवढी होती ते त्या विषयातले लोक सांगतील. मला ते शेजारी म्हणून आणि माझे तमिळचे शिक्षक म्हणून माहीत.

आम्ही सोलापूरहून इथे राहायला आलो त्या दिवशी मी आणि मंजिरी, माझी पत्नी, जिन्यात कपाट अडकवून एकमेकांवर ओरडत होतो. वरच्या मजल्यावरून आवाज आला, "उजवीकडून घ्या हो, तिथें भिंत वाकडी आहे." आम्ही दोघंही वर बघत राहिलो. शब्द मराठी, हेल पुरा तमिळ. पांढरी वेष्टी नेसलेले एक उंच, कृश गृहस्थ कठड्यावरून वाकून कपाटाकडे बघत होते. मंजिरी माझ्या कानाशी कुजबुजली, "हे कसलं मराठी?" ते त्यांनी ऐकलं. "जुनें," ते म्हणाले. "आमचे लोक तुमच्याकडून निघाले तेव्हां हेंच चालू होतें. नंतर तुम्ही बदललांत. आम्हांला कुणी कळवलें नाही." मग हसले आणि म्हणाले, "या, काफी घ्या. कपाट कुठें जात नाही."

त्या कॉफीपासून माझी रविवारची तमिळ शिकवणी सुरू झाली. पुस्तक नव्हतं. सर मामींकडून स्टीलचे दोन पेले आणि एक डवरा मागून घेत. डवरा म्हणजे कॉफीचा पेला ज्यात ठेवतात ती रुंद काठाची वाटी. जेवणाच्या टेबलावर ते पहिला पेला ठेवत, हा करणारा. दुसरा पेला, ही वस्तू. आणि सगळ्यात शेवटी डवरा, ही क्रिया. "नान कापी कुडिक्किरेन," एकेका भांड्यावर बोट ठेवत ते म्हणत. "आतां तुमचें लावा. मी, कॉफी, पितो. कांही हलवायला लागलें?" काही हलवायला लागलं नव्हतं. मग ते डवरा उचलून दोन पेल्यांच्या मधे ठेवत. "ही इंग्रजी. मी, पितो, कॉफी." आतून मामी तमिळमध्ये म्हणत, "मधे डवरा ठेवला तर कॉफी ओतायची कशात?" हा त्यांचा दर रविवारचा विनोद होता आणि सर दर रविवारी हसत.

तमिळ आणि मराठी या दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण शेजारी राहून राहून घराची मांडणी एकसारखी झाली, असं ते सांगत. भूक लागते, राग येतो, आठवण येते. दोन्हीकडे या गोष्टी माणसाकडे बाहेरून येतात. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो, रागावलेला असतो. एकदा आमच्या ऑफिसात नवे साहेब आले आणि इंग्रजीत म्हणाले, "वी विल रिड्यूस स्टाफ." मी घाबरून सरांकडे गेलो, म्हटलं, या 'वी'मध्ये मी आहे की नाही? कमी करणाऱ्यांत की कमी होणाऱ्यांत? सरांनी गंभीरपणे विचार केला. "तमिळ बोलले असते तर लगेच कळलें असतें. आपण वेगळें, आम्ही वेगळें, जसें तुमच्याकडे तसेंच इथें. इंग्रजीनें ती सोय ठेवली नाही. सोमवारी जाऊन विचारा." मी विचारलं नाही. नोकरी राहिली.

पण त्यांची खरी शिकवण वेगळीच होती. समोरचा बोलत असताना त्याचं वाक्य आपणच पुरं करायचं, ही मला खोड. आकडे तपासणाऱ्यांना असते ती, बेरीज आधीच दिसते. मी असं मधे पडलो की सर टेबलाच्या कडेच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवत आणि म्हणत, "पाटणकर, डवरा यायचा आहे अजून." क्रिया शेवटी येते, आणि नकार तर त्याच्याही शेवटी. येणार की येणार नाही, दिलं की दिलं नाही, हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. म्हणून आपल्या भाषांत ऐकणाऱ्याने थांबायचं असतं, असं ते मानत. आणि तसे वागत. त्यांच्या घरात कामवाली, दूधवाला, त्यांचा मुलगा रघू, कुणाचंही वाक्य सर तोडत नसत. रघू आता परदेशात असतो. लहानपणी त्याने खोटं बोलायला सुरुवात केली तरी अप्पा शेवटपर्यंत ऐकत आणि मग खोटं पुरं करणंच जड जाई, असं त्याने मला सांगितलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात सरांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. अतिदक्षता विभागातून ते घरी आले तेव्हा उजवा हात गेला होता, आणि तमिळ गेलं होतं. इंग्रजीही. राहिलं होतं ते लहानपणी आईशी बोललेलं मराठी, तेही तुटक. असं कधीकधी होतं, का होतं ते नेमकं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मामी तमिळमध्ये बोलल्या की सर त्यांच्या चेहऱ्याकडे बघत आणि मान हलवत. काहीही विचारा, मान हलणारच. पाणी हवं? हो. नको? तरीही हो.

डॉक्टरांनी मामींना आणखी एक सांगून ठेवलं होतं. छातीत कफ होऊन पुन्हा असाच प्रसंग येऊ शकतो. तेव्हा पुन्हा दवाखाना, नळ्या, यंत्र हे सगळं करायचं की घरीच ठेवायचं, हे ठरवावं लागेल. त्यांची इच्छा आत्ताच समजून घ्या. मी म्हटलं, मी विचारतो आणि तुम्हाला तमिळमध्ये सांगतो. सरांशी माझं थोडंफार बोलणं होत होतं. मामी म्हणाल्या, "तंबी," धाकट्या भावाला म्हणतात तसं, "तुम्ही सांगाल ते खरंच असेल. पण आमच्या दोघांच्या मधे आजवर तिसरं कुणी बसलेलं नाही. हे मी विचारणार. मला शिकवा." त्यांची सत्तरी उलटून गेली होती. वेळ किती आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मला शिकवता येत नाही. मला एकच पद्धत माहीत होती, ती मी मांडली. दोन पेले आणि डवरा. मामींनी तमिळ वाक्य म्हणायचं आणि मी त्याच जागी मराठी शब्द ठेवायचा. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "हे तर आमचंच वाक्य आहे, फक्त कपडे बदललेत." अडल्या त्या एकाच ठिकाणी. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना लिंगभेद नाही, सगळ्या वस्तू एका रांगेत. मराठीत पडदा तो, खिडकी ती, दार ते. "हे कुणी ठरवलं?" मामी चिडून म्हणाल्या. "खुर्ची बाई, पंखा बाप्या! घरात एवढी माणसं झाली, मी कॉफी करू कुणाकुणाला?" मी म्हटलं, मामी, ते चुकू द्या, कळल्याशी कारण. मंजिरी दुपारी त्यांच्याशी बोले, मी संध्याकाळी.

पहिलं वाक्य त्यांनी सरांच्या पलंगापाशी उभं राहून म्हटलं. "तुम्हाला कॉफी पाहिजे?" सरांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी आवाज बदलून बोललो. मग मामींकडे. ओठ हलू लागले. आम्ही थांबलो. "काल... साखर... जास्त," सर म्हणाले. मामी वळून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेलो तर त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. "लग्न झाल्यापासून हीच तक्रार," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "भाषा गेली, तक्रार आहे तिथेच."

नवरात्रात तमिळ घरांत पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या कोलूची मामींनी यंदा एकच पायरी मांडली होती. त्याच दिवसांत सरांना ताप चढला, छाती भरली. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, हलवायचं तर आजच हलवा. घरीही उपचार करता येतील. मात्र कुठल्याच बाजूची खात्री देता येत नाही. रघू फोनच्या पडद्यावर होता, त्याला अप्पांना दवाखान्यात न्यायचं होतं. मुलाला दुसरं काय वाटणार? त्याने तमिळमध्ये विचारलं, दवाखान्यात जायचं? सरांनी मान हलवली. घरी राहायचं? पुन्हा हलवली. मामी पलंगावर बसल्या, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि एकेक शब्द ठेवत म्हणाल्या, "तुम्हाला दवाखान्यात जायचं? की घरी राहायचं?"

"मला..." सर म्हणाले. बराच वेळ गेला. "त्या... खोलीत..." पुन्हा थांबले. श्वासाचा आवाज होत होता. रघूला मराठी येत नाही, अप्पा थांबले एवढंच त्याला कळलं. तो घाईने बोलू लागला, "सरी अप्पा," म्हणजे बरं अप्पा, "मी गाडी..." मामींनी त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. "रघू, डवरा इन्नुम वरलै." डवरा अजून आला नाही. ते वाक्य ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता. तो गप्प झाला. डॉक्टरही थांबून राहिले. आणि मग सरांनी ते पुरं केलं, "...परत न्यायचें नाही."

मामी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारला. "मी तुम्हाला तिकडे नेऊ?" "नको." "इथेच?" "इथेंच." ऑफिसात एखादी रक्कम मी अशीच दोन्हीकडून ताडून बघतो. आता मान हलत नव्हती, सर बोलत होते. मामींनी रघूला सगळं तमिळमध्ये सांगितलं. त्याने चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, "सरी अम्मा."

त्या तापातून सर घरच्या घरी उठले आणि आणखी काही आठवडे राहिले. त्या आठवड्यांत माझी गरज उरली नव्हती. जिना चढताना मला दोघांचे आवाज ऐकू येत. एक तुटक, एक चुकत चुकत, दोन्ही तंजावरच्या हेलात, कारण मामींचं मराठी आता माझ्याकडून सुटून सरांच्या वळणावर गेलं होतं. काय बोलत ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास, पहाटे देवळातल्या गाण्यांचे आवाज येत असतात, तशा एका पहाटे सर झोपेत गेले. रघू तेव्हा इथेच होता.

दिवस झाले, रघू परत गेला. गेल्या रविवारी मी वर गेलो. मामींनी कॉफी आणली, पेला डवऱ्यात ठेवून माझ्यासमोर ठेवला आणि स्वतः समोर बसल्या. सरांच्या पलंगाची जागा रिकामी होती, फरशीवर पायांचे चार डाग. मामी त्या डागांकडे बघत मराठीत म्हणाल्या, "मला त्यांची..." आणि थांबल्या.

मला पुढचा शब्द ठाऊक होता. शब्द अडला असेल तर द्यावा, गळा भरला असेल तरी द्यावा, असं वाटलं. तोंड उघडलंही. टेबलाच्या कडेला रिकामी जागा होती, तिथे माझी नजर गेली. मी गप्प बसलो. कॉफीवर साय धरली.

"...राग येतो," मामी म्हणाल्या. "ह्या वयात मला बोलायला शिकायला लावली... आणि बोलायला माणूस ठेवली नाही."

मी आठवण म्हणणार होतो. मी म्हटलं असतं तर त्या भिडेपोटी हो म्हणाल्या असत्या, आणि हे मला कधीच कळलं नसतं. लिंगं चुकली होती, मी ती सुधारली नाहीत. "मी आणि मंजिरी आहोत ना मामी, खालच्या मजल्यावर," मी म्हटलं. माझा गार झालेला पेला त्यांनी उचलला, डवरा मात्र टेबलावरच राहू दिला, आणि आत जाता जाता म्हणाल्या, "थांबा. गरम करून आणते."