बुधवारची मासवडी

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर आळेफाट्यावर मी खानावळ सुरू केली. पहिल्या दिवशी सकाळी माझे वडील, आबा, मेथी-कोथिंबीर घेऊन आले. पिशवी दारात ठेवली, नारळ फोडला आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा घेतला. खानावळीत त्यांनी काही खाल्ले नाही.

आमच्याकडे जुनी माणसे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी घेत नाहीत. आता हे फारसे कोणी पाळत नाही. आबा पाळतात. आम्हाला मूल नाही, आणि होणार नाही हे डॉक्टरांनी सांगूनही बरीच वर्षे झाली. आबांना ते माहीत आहे. त्यावर आमचे कधी बोलणे झालेले नाही. मी पुण्यात वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे राहिले. दोन्ही वेळा खालच्या मेसमध्ये जेवत, पाणीही तिथेच पिऊन वर येत, आणि मेसवाल्याच्या आमटीचे कौतुक मला सांगत.

पुढे आमची आवृत्ती बंद झाली. नवऱ्याची नोकरी पुण्यातच राहिली. मी माहेरच्या गावाजवळ, फाट्यावर गाळा घेतला. खानावळच का, असे विचारणाऱ्यांना मी सांगितलेली कारणे खरी होती. चौक वाहता आहे, नाशिक आणि कल्याणच्या गाड्या थांबतात, मासवडी मला बरी जमते. एक कारण सांगितले नाही. खानावळ म्हणजे घर नव्हे. तिथे आबा जेवतील, असे मला वाटले होते.

मासवडी मी आईकडून शिकले. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, खोबरे, लसणाचे सारण पसरायचे, फडक्यानेच गुंडाळी करून वड्या कापायच्या. सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. आई दर बुधवारी करायची. ती गेल्यापासून आबांनी घरी मासवडी मागितलेली नाही, असे वहिनी सांगते. खानावळीत मी बुधवारच ठरवला.

गावातली बहुतेक माणसे जेवायला येऊ लागली. दोघे-तिघे म्हातारे मात्र दारापर्यंत येऊन थांबत.

"आमी आपलं पलीकडं च्या घेतो. तू गावाची लेक."

"मग काका, हीच खानावळ जावयानं टाकली असती तर जेवला असता का?" आत बसलेल्या एका टेम्पोवाल्याने विचारले.

"जावयाचं? त्याच्याकडं तर सावलीला बी बसणार नाय."

पहिल्याच महिन्यात एका बुधवारी आबा आत आले. भिंतीकडेच्या टेबलावर बसले. ताट यायच्या आधी त्यांनी खिशातून नोट काढून टेबलावर ठेवली आणि वर पेला पालथा घातला, वाऱ्याने उडू नये म्हणून. मी ताट घेऊन गेले. पेला उचलला आणि नोट त्यांच्या खिशात परत ठेवली.

"आबा, तुमच्याकडून पैसे घेऊ होय मी?"

त्यांनी ताटाकडे पाहिले. मग उठले.

"मग ऱ्हाऊ दे, पोरी. भूक बी नाय तशी."

ते रस्ता ओलांडेपर्यंत माझ्या लक्षात आले होते, की पैसे मोजलेले ताटच त्यांना चालले असते. पण ग्राहकाला मागून हाक मारून बोलावता येते, वडिलांना त्या वेळी मला बोलावता आले नाही.

त्यानंतर भाजीची पिशवी रोज येत राहिली. मेथी, कांदापात, कधी भोपळा. पिशवी ते मागच्या दाराशी ठेवत आणि आत न येता जात. भाजीचे पैसे देऊ केले तर ऐकू आले नाही असे करत. बुधवारी ते टपरीवर जास्त वेळ बसत. गल्ल्यावरून मला त्यांची पाठ दिसे. रश्श्याला फोडणी पडली की वास रस्त्यापलीकडे जातो, हे गिऱ्हाइकांनीच मला सांगितले होते.

धंद्याचे बाकीचे धडे साधे होते. बाजारच्या दिवशी भाकऱ्या कमी पडतात. तळेघरकडून, भाताच्या मुलखातून येणारी माणसे भात आधी मागतात, तो दुपारनंतर उरला पाहिजे. बाटलीबंद पाणी ठेवायचे नाही. जार भरलेला असावा, ज्याला हवे त्याने फुकट प्यावे. सर्वांत उशिरा शिकले ते नातेवाइकांचे. चुलत्यांकडचे, मावशांकडचे, वहिनीच्या माहेरचे, सगळे पाहुणे म्हणून यायचे, जेवायचे, "बरं चाललंय तुझं" म्हणून जायचे. होळीपर्यंत ते परवडेनासे झाले. मी नियम केला: जो बसेल तो पैसे देईल. एक आतेभाऊ रुसला, तो अजून आलेला नाही.

नियमातून नवराही सुटला नाही. एका रविवारी तो पुण्याहून आला, जेवला आणि भर गर्दीत गल्ल्यावर पैसे दिले.

"अहो दाजी, तुमाला बी सूट नाय का?" कोणीतरी ओरडले.

"आहे की. ताट घासावं लागत नाही."

ही गोष्ट टपरीवर पोचली. पुढचे बोलणे टपरीवाल्याने मला नंतर सांगितले. मी स्वतः ऐकलेले नाही.

"आबा, तुमची लेक लई कडक राव. जावयाकडनं बी पैसं घेती."

"समद्यांकडनं घेती?"

"समद्यांकडनं. पावण्याला सोडंना का पोलिसाला."



यंदा दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, आबा पुढच्या दाराने आत आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नोट काढली नाही.

"मासवडी हाय का?"

मी हो म्हटले. ताट मीच वाढले, पाण्याचा पेला भरून शेजारी ठेवला. ते भाकरी रश्श्यात कुस्करून सावकाश जेवले. मध्ये एकदा ठसका लागला. पुन्हा वडी मागितली, आणखी रस्सा मागितला. मी गल्ल्याशी उभी होते.

जेवून ते गल्ल्यावर आले.

"किती झालं?"

मी आकडा सांगितला, जादा वडीसकट. त्यांनी नोट दिली. मी सुटे पैसे परत केले. ते त्यांनी मोजून खिशात टाकले, चिमूटभर बडीशेप घेतली आणि रस्ता ओलांडून टपरीवर गेले. तिथे त्यांनी तांब्या मागून घेतला आणि उभ्याने पाणी प्यायले.

मी टेबलाशी गेले. ताटात काही उरले नव्हते. पेला भरलेला होता.